चर्चेचें व्यासपीठ : मुंबईच्या एका संस्थेची हकीकत



१९ जानेवारी १९५६ या दिवशीं भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरून देशाला उद्देशून एक भाषण केलें. आयुर्विम्याचा सर्व धंदा सरकार आपल्या हातीं घेत आहे, हें त्या भाषणाचें तात्पर्य होतें. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५ संस्थांच्या कारभाराचा हा प्रश्न होता. आणि ज्यांनीं त्या चालविल्या होत्या त्यांतील बहुतेकांना ही वार्ता इतर जनतेबरोबरच कळली. ज्या साधनानें आज मी आपल्याशीं बोलत आहें, त्याच साधनानें एका मोठ्या धंद्याचें मालकत्व त्या दिवशीं बदललें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या घटनेला सहा महिने पुरे होण्यास एक दिवस कमी असतां, म्हणजे १८ जुलै १९५६ रोजीं, मुंबईंत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' या नांवाची एक संस्था जन्मास आली. मुक्त उद्योगाचें व्यासपीठ, असें तिचें नांव मराठींत सांगतां येईल. ही व्यापाऱ्यांची संघटना नव्हे. तशा संघटना मुंबईंत आधींच पुष्कळ होत्या. हा राजकीय पक्षहि नव्हे. आर्थिक प्रश्न जसजसे उपस्थित होतील तसतशी त्यांची चर्चा सुशिक्षित लोकांत घडवून आणावी, आणि ती घडवितांना खाजगी उद्योगाची बाजू लोकांपुढें मांडावी, एवढाच तिचा उद्देश. त्या संस्थेची हकीकत आज सांगावयाची आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हें, व्यापारी तर नव्हेंच. माझें आयुष्य शाळेंत गणित आणि इतिहास शिकविण्यांत गेलें. त्यामुळें कोणी आंकडा सांगितला कीं त्याची बेरीज जुळते कीं नाहीं हें पाहण्याची खोड तेवढी मला लागलेली आहे.

या संस्थेचे संस्थापक अर्देशीर दाराबशा श्रॉफ. जन्म १८९९ चा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत आणि पुढें लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांचें शिक्षण झालें. शेअरबाजार त्यांनीं आंतून पाहिला, सिडनहॅममध्यें कांहीं काळ शिकविलें, आणि १९४० च्या सुमारास टाटांच्या घराण्यांत ते आर्थिक सल्लागार म्हणून दाखल झाले. 'न्यू इंडिया' या विमा कंपनीचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे होतें. स्पष्ट बोलणारा गृहस्थ, अशी त्यांची ख्याति होती. आणि ती ख्याति त्यांनीं साता समुद्रांपलीकडेहि राखली.

१९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स या ठिकाणीं ४४ राष्ट्रांची परिषद भरली होती. महायुद्धानंतर जगाचा चलनव्यवहार कसा चालावा हें तेथें ठरावयाचें होतें. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज अधिकारी होते. परंतु त्यांत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि आपले श्रॉफ हेहि होते. भारताचें दुखणें एकच होतें. युद्धकाळांत इंग्लंडनें येथून जो माल व सेवा उचलल्या, त्यांची किंमत सोन्यांत किंवा डॉलरांत न देतां लंडनच्या खात्यावर जमा करून ठेविली होती. या पौंडी शिलकेचा आंकडा युद्ध संपेपर्यंत सतराशे कोटी रुपयांच्या घरांत गेला. बंगालमध्यें माणसें अन्नावांचून मरत असतां ही शिल्लक साठत होती, हें विसरतां कामा नये. भारताचें म्हणणें असें कीं, या शिलकेचा कांहीं भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय निधीमार्फत मोकळा व्हावा. तें म्हणणें श्रॉफ यांनीं परिषदेपुढें मांडलें, आणि मांडतांना एक दृष्टांत दिला: बँकेंत दहा लाख डॉलर शिल्लक असून टॅक्सीचें भाडें देण्यापुरतेहि पैसे खिशांत नाहींत, अशा माणसासारखी आमची स्थिति आहे. परिषदेनें मागणी मान्य केली नाहीं. देणेकरी आणि घेणेकरी यांनीं हा प्रश्न आपसांत मिटवावा, असें ठरलें. आणि केन्स साहेबांनीं तो सन्मानपूर्वक मिटविण्याचें आश्वासन दिलें. परंतु तो दृष्टांत आजहि परिषदेच्या इतिहासांत सांगितला जातो. पगाराची तारीख ओलांडल्यावर बँकेच्या खिडकीशीं उभ्या राहिलेल्या शिक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाहीं.

हे दोघे, देशमुख आणि श्रॉफ, त्या वेळीं एका बाजूनें झगडत होते. बारा वर्षांनीं एकानें विम्याचें राष्ट्रीयीकरण जाहीर केलें आणि दुसऱ्यानें त्याविरुद्ध लोकमत जागें करण्यासाठीं संस्था काढली. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेला मराठी सनदी अधिकारी आणि मुंबईचा पारशी अर्थवेत्ता, दोघेहि बुद्धीनें तोलामोलाचे. आणखी एक योगायोग असा कीं, ज्या जुलै महिन्यांत व्यासपीठ स्थापन झालें त्याच महिन्यांत मुंबईच्या प्रश्नावरून देशमुखांनीं मंत्रिपदाचा त्याग केला. मराठी घरांत त्या महिन्यांत चर्चा झाली ती देशमुखांच्या राजीनाम्याची. श्रॉफ यांच्या निवेदनाकडे लक्ष देण्यास कोणास सवड होती?

आतां एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी नियोजनाची कल्पना श्रॉफ यांस परकी होती असें कोणी समजेल, तर तें चूक ठरेल. जानेवारी १९४४ मध्यें 'मुंबई योजना' या नांवानें जी प्रसिद्ध योजना निघाली, तिच्यावर आठ सह्या होत्या: पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, जॉन मथाई आणि ए. डी. श्रॉफ. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चून माणशीं उत्पन्न दुप्पट करावें, शेतीचें उत्पन्न १३० टक्क्यांनीं व कारखानदारीचें ५०० टक्क्यांनीं वाढवावें, असा तो बेत होता. मूलभूत धंद्यांवर सरकारचें नियंत्रण असावें, कांहींवर मालकीहि असावी, हें उद्योगपतींनींच त्यांत लिहून दिलें होतें.

त्या दहा हजार कोटींची जुळणी कशी करावयाची होती? गाडलेलें सोनेंनाणें बाहेर काढून ३०० कोटी, पौंडी शिलकेंतून १,०००, निर्यात-व्यापाराच्या वाढाव्यांतून ६००, परदेशी कर्ज ७००, लोकांची बचत ४,०००, आणि उरलेले ३,४०० कोटी नव्यानें निर्माण केलेल्या पैशांतून. बेरीज बरोबर आहे. शेवटची रक्कम म्हणजे साध्या भाषेंत नोटा छापून उभा केलेला पैसा. एकूण खर्चाच्या शेंकडा चौतीस.

हें लक्षांत ठेवून १९५६ कडे यावें. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेंत सरकारी क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटींचा होता, आणि त्यांपैकीं १,२०० कोटी तुटीच्या अर्थव्यवहारानें, म्हणजे पुन्हां नव्या पैशानेंच, उभे करावयाचे होते. शेंकडा पंचवीस. या तुटीविरुद्ध व्यासपीठानें अतिशय जोरानें आवाज उठविला. चौतीस चालत होते त्यांस पंचवीस चालेनासे कां झाले? माझें उत्तर असें कीं, १९४४ ची योजना करतांना ती राबविणाऱ्यांच्या पंक्तींत आपणहि बसणार, असा उद्योगपतींचा समज होता. १९५६ पर्यंत तो समज पार गेला होता. जानेवारी १९५५ मध्यें आवडीच्या काँग्रेसनें समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला; १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली; पाठोपाठ विमा गेला; आणि ३० एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावानें १७ उद्योग सरकारकडे राखून ठेवून आणखी १२ उद्योगांत सरकार उत्तरोत्तर पुढाकार घेईल असें ठरविलें. मत बदलणें हा दोष नव्हे. परंतु वाद ऐकणाऱ्यानें वाद करणाराची जुनी वही एकदां पाहून ठेवावी.

सामान्य माणूस त्या वेळीं उद्योगपतींच्या बाजूला कां उभा राहिला नाहीं, याचें एक कारण मला माझ्या घरांतच सांपडतें. माझे आजोबा साताऱ्यास एका वकिलांकडे कारकून होते. त्यांनीं एका विमा कंपनींत, तिचें नांव सांगण्यांत आतां अर्थ नाहीं, बारा वर्षें हप्ते भरले. आणि एके दिवशीं कंपनी बुडाली. आजीनें पावत्यांचें पुडकें देव्हाऱ्याखालच्या फडताळांत शेवटपर्यंत जपून ठेविलें होतें. आजोबांचा हा अनुभव एकट्याचा नव्हता. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या दिवाळ्यांत निघाल्या आणि तितक्याच कंपन्यांनीं आपली गंगाजळी इतकी उधळली कीं त्यांचा धंदा दुसऱ्यांच्या गळ्यांत घालावा लागला. चांगल्या चाललेल्या कंपन्याहि पुष्कळ होत्या, आणि वाइटांबरोबर त्यांचेंहि हरण झालें, ही श्रॉफ यांची तक्रार रास्त होती. पण ज्याचे हप्ते बुडाले त्याला तें कसें पटावें? देशमुखांचें भाषण ऐकून आजोबांनीं पेढे आणले होते, असें आमचे वडील सांगत.

असो. व्यासपीठाची कामाची पद्धत साधी होती. छोट्या आकाराच्या, वीस-पंचवीस पानांच्या पुस्तिका काढावयाच्या, त्या नाममात्र किमतींत वांटावयाच्या, व्याख्यानें ठेवावयाचीं, कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठीं निबंधांच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धा घ्यावयाच्या. एखादें विधेयक आलें, नवा कर आला, रुपयाचें मोल घटलें, कीं त्यावर पुस्तिका निघावयाची. हा रोजचा भार वाहिला तो एम. आर. पै यांनीं. प्रारंभापासून ते या कामांत होते. बँकांतील ठेवीदारांची संघटनाहि त्यांनींच चालविली. संस्थांचा इतिहास लिहितांना अध्यक्षांचीं नांवें मोठ्या अक्षरांत येतात. पुस्तिकांचीं प्रुफें तपासणारा माणूस मात्र वाचकाला सहसा भेटत नाहीं.

या पुस्तिकांतून ज्यांचे विचार आले त्यांत प्रा. बी. आर. शेणॉय यांचा उल्लेख केलाच पाहिजे. दुसऱ्या योजनेच्या वेळीं सरकारनें अर्थशास्त्रज्ञांचें एक मंडळ नेमलें होतें. सर्वांनीं मान डोलविली. शेणॉय यांनीं एकट्यानें भिन्नमतपत्रिका जोडली. एवढी तूट देशाला पेलणार नाहीं, भाव चढतील, परदेशी चलन पुरणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पुढें १९५७ सालीं खरोखरच परदेशी चलनाची टंचाई उद्भवली. ब्रेटन वुड्सला जिच्यासाठीं भांडण झालें ती पौंडी शिल्लक झपाट्यानें सरली, आणि १९५८ मध्यें भारताला मदत करणाऱ्या राष्ट्रांची बैठक बोलवावी लागली. शेणॉय यांचें तेव्हां ऐकावयास हवें होतें, असें आज पुष्कळ जण म्हणतात. त्या काळीं त्यांना व्यासपीठ देणाऱ्या जागा फार थोड्या होत्या, आणि ही संस्था त्यांपैकीं एक, हें तिच्या जमेस धरलें पाहिजे.

१९५९ सालीं राजाजींनीं स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हां व्यासपीठाच्या वर्तुळांतील कांहीं मंडळी तिकडे गेली. संस्था मात्र पक्षाला जोडली गेली नाहीं. १९६५ सालीं श्रॉफ निवर्तले.

परंतु या संस्थेचें नांव ज्या एका गोष्टीमुळें घरोघर गेलें ती म्हणजे अंदाजपत्रकावरील व्याख्यान. १९५८ च्या फेब्रुवारींत मुंदडा प्रकरणामुळें अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. सरकारी झालेल्या विमा महामंडळाच्या पैशांतून एका व्यापाऱ्याचे शेअर घेतले गेले, त्याची चौकशी न्यायमूर्ति छगला यांनीं मुंबईंत उघडपणें केली होती. त्यामुळें त्या वर्षींचें अंदाजपत्रक स्वतः पंडित नेहरूंनीं मांडलें, आणि त्यांत देणगीवर नवा कर बसविला. याच वर्षीं नानी पालखीवाला या अडतीस वर्षांच्या वकिलानें व्यासपीठाच्या विद्यमानें अंदाजपत्रकावर पहिलें व्याख्यान दिलें. जागा होती ग्रीन्स हॉटेल. गेटवेजवळ ताजमहाल हॉटेलला लागून हें हॉटेल होतें. तें पाडून तेथें पुढें ताजची उंच इमारत झाली. एका दालनांत मावतील एवढेच श्रोते.

दरवर्षीं श्रोते वाढूं लागले. दालन पुरेना, म्हणून सभा क्रिकेट क्लबच्या हिरवळीवर नेली. तीहि पुरेना, तेव्हां ब्रेबोर्न स्टेडियम घेतलें. वीस हजारांहून अधिक माणसें करांच्या कलमांवरचें भाषण ऐकावयास संध्याकाळीं जमतात, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या देशांत घडली असेल असें मला वाटत नाहीं. पालखीवाला हातांत कागद न घेतां बोलत. आंकडे, कलमें, मागील वर्षांचे दर, सारें तोंडपाठ. लहानपणीं त्यांची जीभ अडखळत असे, हें कोणास सांगूनहि खरें वाटलें नसतें. १९६८ पासून व्यासपीठाचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे आलें. पुढच्याच वर्षीं १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. त्याविरुद्धचा कूपर यांचा दावा पालखीवालांनीं सर्वोच्च न्यायालयांत चालविला आणि १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक मतानें जिंकला. चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. सभेंत पटलेलें आणि न्यायालयांत जिंकलेलें देखील राज्यकर्त्यांच्या मनांत नसेल तर टिकत नाहीं, हा अनुभव व्यासपीठाला त्या आठवड्यांत पुरेपूर आला.

त्यांच्या भाषणांचें बळ कशांत होतें याचें एक उदाहरण देतों. १९७३-७४ सालीं दोन लाखांवरील उत्पन्नावर प्राप्तिकराचा दर ८५ टक्के होता आणि त्यावर १५ टक्के अधिभार. गुणाकार केला तर ९७.७५ टक्के येतात. म्हणजे शंभर रुपये जादा मिळविणाऱ्याच्या हातीं सव्वादोन रुपये उरावयाचे. असा कर भरण्यापेक्षां चुकविणेंच फायद्याचें ठरतें, काळा पैसा कायद्याच्या पोटींच जन्मतो, असा या टीकेचा रोख होता. हें म्हणणें खोटें कसें म्हणावें? १९८५-८६ मध्यें तो दर ५० टक्क्यांवर आला. एवढ्या श्रेयाचा कांहीं वांटा या वार्षिक सभांना द्यावयास हवा.

तरीहि माझें समाधान पूर्ण होत नाहीं. सरकारच्या चुका दाखविण्यांत ही संस्था जितकी तत्पर होती, तितकी ती आपल्या आश्रयदात्यांच्या चुका दाखविण्यांत होती काय? परवाने-पद्धतीनें उद्योग गुदमरला हें खरें. परंतु त्याच पद्धतीनें मोठ्या घराण्यांना प्रतिस्पर्ध्यांपासून अभयहि मिळालें. १९६५ चा मक्तेदारी-चौकशी आयोगाचा अहवाल आणि त्यानंतर मुंबईचेच डॉ. आर. के. हजारी यांचा अहवाल, या दोहोंनीं मोठ्या घराण्यांनीं परवाने कसे पदरांत पाडून घेतले हें उघडें केलें. मुक्त उद्योगाचा खरा कैवारी त्या प्रसंगीं सर्वांत मोठ्यानें ओरडावयास हवा होता. तो मान हजारींसारख्या अभ्यासकांकडे गेला.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची येथें आठवण होते. रावबहादुर काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं ती उभी राहिली. धनंजयराव गाडगीळांनीं तेथें आधीं गांवें मोजलीं, मजुरांची मिळकत मोजली, आणि मग मत दिलें. काळे स्मारक व्याख्यानमालेंत १९३९ सालीं डॉ. आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले, यावरून त्या व्यासपीठाचा व्याप ध्यानांत येईल. सरकार आणि भांडवलदार या दोघांखेरीज सहकाराचा तिसरा मार्ग असूं शकतो, हें गाडगीळांनीं प्रवरेच्या साखर कारखान्याला हातभार लावून प्रत्यक्ष दाखविलें. मुंबईच्या चर्चेंत हा तिसरा मार्ग फारसा डोकावला नाहीं. आणि ती चर्चा बव्हंशीं इंग्रजींत झाली. रानड्यांच्या पुढाकारानें १८७५ पासून पुण्यांत वसंत व्याख्यानमाला भरत आली. तिच्या मांडवांत जो श्रोता मराठींत राज्यकारभाराचे वाद ऐकत होता, त्याच्यापर्यंत हिरवळीवरचें व्याख्यान वर्तमानपत्रांच्या उताऱ्यांतूनच पोंचलें.

मी स्वतः तें व्याख्यान एकदांच ऐकलें. १९८० नंतरच्या दशकांतील ती गोष्ट. शाळा सुटल्यावर डोंबिवलीहून गाडीनें गेलों, आणि पाठीमागच्या एका पायरीवर जागा मिळाली. शेजारीं शेअरदलाल, कॉलेजचे विद्यार्थी, एक वृद्ध पारशी बाई दुर्बीण घेऊन. इंग्रजी माझें मॅट्रिकपुरतें. निम्मेंअधिक समजलें, उरलेलें आवाजाच्या चढउतारावरून ताडलें. आंकडे मात्र सगळे वहींत टिपून घेतले. परततांना गाडींत आमच्या चाळींतले एक गिरणीकामगार भेटले. संपानंतर ते एका दुकानांत हिशेब लिहीत असत. कोठून येतां म्हणून त्यांनीं विचारलें. मीं वही उघडून कराचे दर, तूट, निर्यात, सारें सांगूं लागलों. कुर्ल्यापर्यंत त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "मास्तर, रॉकेलचं काय झालं?" मीं पानें मागेंपुढें उलटून पाहिलीं. रॉकेलचा आंकडा वहींत नव्हता.